मदत हवी आहे : ‘मान’ आणि ‘अब्रू’ यांतला फरक कसा समजावू?

नमस्कार मंडळी. आमची अमराठी वहिनी मराठी शिकतेय आणि तिने मला पार अडकवलंय. पुण्याचा कसबा गणपती ‘मानाचा पहिला’, लग्नातला मानपान, व्याख्यात्याचं मानधन, इथवर जमलं. मग म्हणाली, “अब्रू म्हणजेही मानच ना?” मी ठोकून दिलं, मान कुणीतरी देतं, अब्रू कुणी देत नाही, ती नुसती जाते! (शब्द मूळचा फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा.) पण ‘शब्दाचा मान राखला’ आणि ‘घराची अब्रू राखली’ इथे गाडी अडली. शिवाय ‘इज्जत’ कुठे बसवू? कोल्हापूर, विदर्भ, गोव्याकडच्यांनो, घरात बोलता तशी दोन-चार वाक्यं द्या. शब्दकोशातली नकोत, ती पाहून झाली.