कोंबड्यांच्या आवारात लाकडाच्या ढलप्या टाकाव्यात की नाही?

ओवळेकर
घोडबंदर रस्त्यालगत ओवळ्याला आमचे जुने घर आहे आणि मागच्या परसात बारा बाय वीस फुटांची जागा जाळीने बंदिस्त करून आम्ही चौदा कोंबड्या पाळतो. त्यांतल्या नऊ गावठी, बाकीच्या गिरिराज. पहिल्या पावसाळ्यात त्या आवाराचे काय झाले, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पंधरा दिवसांत गवताची काडी उरली नाही, जुलैत घोट्याएवढा चिखल झाला, त्यात विष्ठा कालवली गेली आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या मे महिन्यात जवळच्या सोसायटीने गुलमोहराच्या आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटून घेतल्या. कंत्राटदाराकडे फांद्या चिरडणारे यंत्र होते, त्यामुळे अंगठ्याएवढ्या ढलप्यांचा भरलेला टेम्पो मला नुसत्या भाड्याच्या पैशांत मिळाला आणि मी साऱ्या आवारात सहा इंचांचा थर दिला.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे की उघड्या आवारासाठी याहून चांगले अंथरूण नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते, म्हणजे आमच्याकडे रोज दीड किलोच्या आसपास. विष्ठेत नत्र भरपूर असते आणि लाकडात कर्ब. दोन्ही एकत्र आली की जिवाणू ते नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, एरवी तेच अमोनिया होऊन आपल्या नाकात शिरते. ऑक्टोबरमध्ये मी एका कोपऱ्यात फावडे घातले, तेव्हा वरच्या दोन इंचांखाली काळी, भुसभुशीत माती निघाली आणि तिला पहिल्या पावसासारखा वास होता. मी बाजूला होण्याआधीच कोंबड्या त्या खड्ड्यात उतरून अळ्या टिपू लागल्या होत्या.

मुरबाडचा तूसवाला
आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. आमच्या भागात गिरण्यांवर भाताचे तूस मुबलक मिळते, ते हलके असते, लवकर कुजत नाही आणि गादी पद्धतीत, म्हणजे खुराड्यात जाड अंथरूण घालून कोंबड्या पाळताना, पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. छपराखाली तूस आणि उघड्यावर मुरूम, ही साधी वाटणी सोडून सोसायटीच्या फांद्यांमागे का लागावे?

ओवळेकर
छपराखाली मीही तूसच वापरतो, त्याबद्दल वाद नाही. मात्र तेच तूस उघड्यावर टाकून पाहिले, तर पहिल्याच सरीत त्याची लापशी झाली. मुरुमावर चिखल होत नाही हे मान्य, पण मुरूम विष्ठा पोटात घेत नाही. ती वर साचते आणि पावसाबरोबर गटारात जाते.

वाशीगाव खाडीकाठ
आपण डोंगराच्या पायथ्याशी राहता, म्हणून हे जमले. नवी मुंबईतल्या सखल जागांचे पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही. त्यासाठीच तर येथे ते पाणी ओहोटीपर्यंत साठवणारे धारण तलाव बांधावे लागले. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की आमच्या अंगणात वीतभर पाणी उभे राहते. आपल्यासारख्याच एका उत्साही मित्राचे ऐकून मीही ढलप्या टाकल्या होत्या. त्या तरंगल्या, जाळीखालून बाहेर पडल्या आणि शेजाऱ्याच्या मोरीच्या तोंडाशी जाऊन अडकल्या. रात्री अकरा वाजता कंबरेत वाकून, हाताने, विष्ठेने माखलेले लाकूड उपसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही, त्यानेच कर्ब आणि नत्राच्या गोष्टी कराव्यात. उरलेल्या थराखाली पुढे दोन गोमा आणि उंदराचे घरटे सापडले, ते वेगळेच.

निवृत्त पशुधन
कोकणपट्टीत अशी आवारे मी बरीच पाहिली आहेत. ढलप्यांना माझा सरसकट विरोध नाही, पण ओवळेकरांच्या लेखनात धोक्याची बाजू फारच पुसट आली आहे.

पहिली बाब बुरशीची. ताज्या ढलप्यांचा ढीग करून तो ताडपत्रीखाली झाकला की आतून तापतो आणि त्यावर राखाडी-हिरवट बुरशी धरते. असा माल पसरताना जी धूळ उडते, तिच्यातून अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी कोंबड्यांच्या फुप्फुसांत जाते. पिल्ले चोच उघडी टाकून, मान ताणून श्वास घेऊ लागली, म्हणजे बहुधा उपचाराची वेळ गेलेली असते. तेव्हा पिल्लांच्या जागेत ढलप्या नकोतच, आणि मोठ्या कोंबड्यांसाठीही माल आला त्या दिवशीच पसरावा.

दुसरी बाब रक्ती हगवणीची. विष्ठेतून पडलेले कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचे बीज ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगे होते, आणि जुलैतल्या ठाण्यात या तिन्ही गोष्टींची वाण नसते. ढलप्यांमुळे कोंबडी विष्ठेपासून थोडी दूर राहते हे खरे, पण थर गच्च ओला राहिला तर तोच रोगाची पेढी होतो. मूठभर माल हातात दाबून पाहावा: मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, गोळा टिकला तर वरचा थर काढून टाकावा.

सुताराकडचा माल मात्र कोणीही आणू नये. त्यात प्लायवूडचा डिंक असतो, वाळवीचे औषध मारलेले लाकूड असते आणि बारीक भुसा कोंबड्या दाण्यासारखा गिळतात. छाटणीच्या मालात कण्हेर नाही ना, हेही विचारून घ्यावे. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

कळव्याची परसबाग
काकांना एक विचारायचे होते. वास आला की आमच्याकडे ढलप्यांवर चुन्याची फक्की मारतात, ते योग्य आहे का?

निवृत्त पशुधन
ताई, चुन्याने ओल ओढली जाते, पण अंथरुणाचा सामू (पीएच) वाढतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया उलट एकदम बाहेर पडतो. चुना टाकायचाच असेल तर कोंबड्या बाहेर काढून टाकावा आणि नीट मिसळल्यावरच त्यांना आत सोडावे, नाहीतर तळवे भाजतात.

ओवळेकर
बुरशीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. माझा टेम्पो त्याच दिवशी रिकामा झाला होता, हे नशीब म्हणायचे. खाडीकाठच्या सभासदांची अडचणही खरी आहे आणि जेथे पाणी उभे राहते तेथे ढलप्या टाका, असे मी आता म्हणणार नाही. परंतु पाण्याचा निचरा असलेल्या परसातही मुरूमच बरा, हे मला पटत नाही. मागच्या वर्षी आमच्या तांबडीच्या तळव्याला गाठ आली, ती खुराड्यासमोरच्या मुरूम टाकलेल्या पट्ट्यात रोज वरून उडी मारल्याने. तेथे ढलप्या आल्यापासून एकही कोंबडी लंगडलेली नाही.

मुरबाडचा तूसवाला
एका कोंबडीच्या पायावरून आपण साऱ्या मुरुमाला दोषी धरता आहात. आमच्याकडे मुरूम टाकताना वर बारीक माती दाबून घेतात, खडे वर राहूच देत नाहीत. शिवाय आपला थर वर्षभरात कुजून माती होणार, म्हणजे दर मे महिन्यात नवा टेम्पो, आणि सोसायटी दरवर्षी फांद्या छाटेलच असे नाही.

ओवळेकर
ती माती वाया जात नाही. महिनाभर बाजूला मुरवून ती वांग्या-मिरच्यांना घातली, तर शेणखत विकत आणावे लागले नाही. टेम्पोचे भाडे त्यातच फिटले.

वाशीगाव खाडीकाठ
माझ्या मुरुमाची गाडी रविवारी येणार आहे आणि अंगणही हातभर उंच करून घेतो आहे. कोपऱ्यात अजून सात-आठ पोती होतील एवढ्या ढलप्या पडून आहेत, चांगल्या वाळलेल्या, बुरशी नसलेल्या. ओवळेकरांनी त्या जरूर घेऊन जाव्यात, मात्र पोती स्वतःची आणावीत.