कॅलिफोर्निया: गांजाच्या तेलातली कीटकनाशकं, सल्ला हवा आहे

मोगरा:
मंडळी, आईची किमो चालू आहे. मळमळीने चार घास पोटात जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, गांजाचं तेल घेऊन बघायला हरकत नाही. (आई इथली नागरिक आहे, व्हिसाचा प्रश्न नाही.) पण जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने कायदेशीर बाजारातली ४२ उत्पादनं तपासून घेतली, तेव्हा २५ मध्ये कीटकनाशकं राज्याच्या किंवा तंबाखूसाठीच्या केंद्रीय मर्यादेपेक्षा जास्त निघाली. ते वाचल्यापासून हात धजत नाही. दुकानदार वेप (तेल तापवून वाफ ओढायची नळी) घ्या म्हणतोय. काय बघून घेऊ?

काचनळी:
मी गांजाचा माल तपासणाऱ्या लॅबमध्ये काम केलंय. वेप नकोच. अर्क काढताना फुलावरचं कीटकनाशकही उतरतं आणि घट्ट होऊन बसतं. जिभेखाली घ्यायचे थेंब बघा. बाटलीवरच्या बॅच नंबरचाच तपासणी अहवाल मागा, 'सीओए' म्हटलं की कळतं त्यांना. आणि 'पास' बघून थांबू नका. मायक्लोब्युटानिल या बुरशीनाशकाची राज्याची मर्यादा ओढायच्या मालाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, बाकीच्याला ९! आकड्याच्या जागी 'एनडी', म्हणजे सापडलं नाही, असं हवं. राज्याच्या तपासणीच्या यादीत ६६ कीटकनाशकं आहेत, पण पायमेट्रोझिन हे कीटकनाशक त्यात नव्हतंच, आणि बातमीतल्या तपासणीत ते निघालं. म्हणून कोरा अहवालही पूर्ण हमी नाही, हे मनात असू द्या.

द्राक्षबाग_पिंपळगाव:
ताई, मायक्लोब्युटानिल आम्ही द्राक्षावर भुरीसाठी मारतो. फवारणीपासून काढणीपर्यंत दिवस मोजतो, रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय युरोपचा कंटेनर भरत नाही. आणि ते धुऊन खायचं फळ! हे औषध जाळलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. कॅनडात याच्यापायी २०१६-१७ ला परवानाधारकांचा माल परत मागवला होता. आईंना धूर देऊ नका.

मोगरा:
आज गेले होते. दुकानदाराने फोनवर अहवाल दाखवला, पण बाटलीच्या तळाशी नंबर ४७ ने संपत होता आणि अहवालात ४१ ने. तो म्हणाला, माल तोच आहे. मी बाटली परत ठेवली.

काचनळी:
बरोबर केलंत. तो अहवाल दुसऱ्याच बॅचचा. एक राहिलं: किमोत प्रतिकारशक्ती खाली असते, आणि गांजाच्या फुलावर ॲस्परजिलस बुरशी असू शकते. ती श्वासातून गेली तर फुप्फुसाला धोका, म्हणून फूल ओढणंही नाही. आणि थेंब सुरू करण्याआधी कॅन्सर विभागाच्या फार्मासिस्टला आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

मोगरा:
यादी लिहून ठेवली. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, तोवर थेंब नाहीत. आज लिंबाचं सरबत आणि मऊ भात गेला थोडा.