ब्रश झिजले म्हणून अख्खा अल्टरनेटर बदलू नका

गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मिणमिणतोय आणि गॅरेजवाला थेट नवा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र) टाका म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. आधी बेल्ट सैल नाही ना, बॅटरीची टर्मिनलं घट्ट आहेत ना, ते बघा. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. हेडलाइट, एसी लावल्यावर १३ च्याही खाली घसरलं तर मात्र अल्टरनेटर उतरवून उघडायला सांगा.

माझ्या गाडीचा उघडला तेव्हा एक कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा, घासून झिजणारा तुकडा) जेमतेम नखाएवढा उरला होता, आत सगळी काळी पूड. स्लिप रिंग (ब्रश ज्यांवर घासतात त्या कड्या) मात्र गुळगुळीत. ऑटो इलेक्ट्रिशियनने ब्रश आणि दोन्ही बेअरिंग बदलली, संध्याकाळी गाडी हातात. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गेले तरी दुरुस्तीच करावी. स्टेटरचं, म्हणजे न फिरणाऱ्या भागाचं, वाइंडिंग (तारेची वेटोळी) जळलं असेल, तर मी तरी नवाच घेईन. रिवाइंडिंगचा (ती तार नव्याने गुंडाळून देणारा) खात्रीचा कारागीर जवळ असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हो, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळू शकतात.