लहान मुलांना नर्व्ह ब्लॉक: द्यावा की नको?

चिऊची_आई: लेकीचं (वय ४) जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल दिल्यावर माकडहाडाजवळ कॉडल ब्लॉक (कमरेखालच्या नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन) देऊ, जागी झाल्यावर दुखणार नाही. झालं, घरात वादाला तोंड फुटलं. सासूबाई म्हणतात, "पाठीत सुई? जन्माची कंबर धरेल." सलाइनमधल्या औषधावर भागत नाही का?

भूलवाला: ताई, खुशाल घ्या. या वयात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो, सुई त्याच्या बरीच खाली जाते. चार-सहा तास निवांत जातात. अमेरिकेतल्या मुलांच्या ब्लॉकची नोंदवही २०१८ मध्ये छापून आली: एक लाखाहून जास्त ब्लॉक, कायमची मज्जातंतूची इजा एकही नाही. आणि त्यातले बहुतेक मूल झोपेत असतानाच दिलेले. जागं मूल स्थिर राहतंय थोडंच!

सर्जन_कोकणकर: सरसकट नको. कॉडलनंतर पाय लुळे पडतात, लघवी अडते आणि आईबाप माझ्या केबिनबाहेर उभे. हर्नियाला मी टाके घालण्याआधी जखमेत बधिर करणारं औषध सोडतो, काम होतं. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढताना तर पोटाच्या भिंतीतला टॅप ब्लॉक म्हणजे हौस. भिंत बधिर होते, आतली कळ तशीच राहते.

भूलवाला: दुर्बिणीचं मान्य. पण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला? ब्लॉक नसेल तर मॉर्फिन वाढतं. मग उलट्या, गुंगी, आणि श्वासावर रात्रभर लक्ष. दहा खाटांच्या दवाखान्यात ते ठेवणार कोण?

रात्रपाळीची_सिस्टर: मी ठेवते, म्हणून बोलते. ब्लॉक उतरतो रात्री दहा-अकराला, डॉक्टर घरी गेल्यावर. तोवर "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणून पॅरासिटामॉलही चुकवलेलं असतं. घड्याळ लावून, वजनाप्रमाणे, दर सहा तासांनी द्या. पोर हसत असलं तरी. आणि रडत नाही म्हणजे दुखत नाही असंही नाही. गुडघे पोटाशी घेऊन, कपाळाला आठी घालून गप्प पडलेलं पोर केसपेपरवर "शांत" म्हणून लिहिलं जातं. दुखणं मोजायला चेहरा, पाय, चुळबुळ, रडणं, समजूत पटणं अशा पाच गोष्टींना प्रत्येकी दोनपैकी गुण द्यायचे असतात. कितीजण देतात?

सर्जन_कोकणकर: सिस्टरांचं सोळा आणे खरं. पण ब्लॉकचं औषध चुकून रक्तात गेलं तर झटके येतात, हृदय थांबू शकतं. त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रावण) ब्लॉक देणाऱ्यांच्या कपाटात असतं का, ते आधी विचारा ताई.

भूलवाला: जरूर विचारा. तुम्ही जखमेत सोडता तेही ब्लॉकमधलंच बधिर करणारं औषध, ब्युपिवाकेनच ना, डॉक्टर? किलोला अडीच मिलिग्रॅमची मर्यादा दोघांच्या औषधाची मिळून असते. तुमच्या ऑपरेशन थिएटरात आहे का लिपिड?