उ: फिरते लाँचर खरंच टाकाऊ?

युद्धनौकेवरचे फिरते लाँचर, म्हणजे वळत्या हातावरून क्षेपणास्त्र सोडणारी यंत्रं, आता निव्वळ जुनाट झालीत, हे मत पूर्ण पटत नाही. लक्ष्याकडे तोंड करून सुटलेलं क्षेपणास्त्र, सरळ वर सुटणाऱ्यासारखं, हवेत वळण्यात जोर घालवत नाही. खरी गोम आहे ती एका हातावर सगळी भिस्त ठेवण्यात. अमेरिकी मार्क १३ हा एकहाती लाँचर घ्या: डेकखाली ४० क्षेपणास्त्रं, बाहेरच्या कड्यात २४, आतल्या कड्यात १६. हात उभा व्हायचा, खालून क्षेपणास्त्र चढायचं, मग हात वळून नेम धरायचा. तो अडकला की चाळीसच्या चाळीस बिनकामाची! शिवाय नेम धरताना जहाजाचा स्वतःचा मनोरा आड येतो तो वेगळाच. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस मुंबईवर म्हणूनच असे एकहाती दोन लाँचर दिसतात, एक पुढे, एक मागे. नंतरच्या कोलकाता वर्गाच्या युद्धनौकांत मात्र बराक-८ या विमानविरोधी क्षेपणास्त्रासाठी सरळ उभे कप्पेच आले.