मदत हवी आहे – ब्रेकअपनंतर टीम लीडचा त्रास, तक्रार करावी का?

माझी मावसबहीण हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. तिचं तिच्याच टीम लीडशी अफेअर होतं, दोघांच्या मर्जीने, त्यात काही वाद नाही. दिवाळीनंतर तिने संपवलं, तेव्हापासून हा माणूस रात्री-अपरात्री मेसेज करतो, मीटिंगमध्ये मुद्दाम टोमणे मारतो आणि आता अप्रेझल त्याच्याच हातात आहे म्हणून अधूनमधून ते ऐकवतो पण. कंपनीची पॉलिसी अशी की रिपोर्टिंग लाइनमध्ये रिलेशन असेल तर एचआरला कळवायचं, ते दोघांनीही कळवलं नव्हतं, त्यामुळे हिला भीती की तक्रार केली तर आपल्यावरच शेकेल.

मी २०१३ चा पॉश कायदा (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा) थोडा वाचला. शेवटच्या प्रकारापासून ३ महिन्यांत कंपनीतल्या अशा तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची, चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते, आणि समेट फक्त तिने मागितला तरच. पण एचआरवाली मॅडम आत्तापासूनच "आपापसात मिटवा ना" करतेय, कमाल आहे!

कोणी यातून गेलंय का? आधीचं नातं होतं म्हणून समिती तक्रार हलक्यात घेते का? पॉलिसी मोडल्याची वेगळी कारवाई होऊ शकते का? स्क्रीनशॉट आहेत, अजून काय जमवून ठेवावं? पुण्यात अशा केसेस बघणारे वकील माहीत असतील तर प्लीज इनबॉक्स करा. "नोकरी सोड" हा सल्ला नको, तो घरचे रोज देतायत.