वहिनीचं रक्त रिपोर्टमध्ये पातळ, मग पातळ करायचं इंजेक्शन कशाला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडचे. वहिनीला पाचवा महिना चालू आहे. मागच्या खेपेस सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, वार तपासायला पाठवली तर तिच्यात ठिकठिकाणी रक्त न पोचून मेलेले भाग, बाळाचं वजनही खूपच कमी. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट वगैरे टेस्ट केल्या, १२ आठवड्यांनी परत केल्या, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणाले, म्हणजे अंगात अशा अँटीबॉडीज तयार होतात की रक्ताच्या गुठळ्या होतात. आता रोज अ‍ॅस्पिरिन आणि पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन.

लफडं असं की रिपोर्टमध्ये एपीटीटी जास्त आहे, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतो. वाडीतल्या कुणीतरी ते बघून आईला सांगितलं, हिचं रक्त आधीच पातळ, वर हे इंजेक्शन म्हणजे अंगावरून जाईल. झालं! आई मागेच लागलीय बंद कर म्हणून, त्यात पोटावर काळेनिळे डाग. दादा बोटीवर, आणि वहिनी काय उलट बोलणाऱ्यातली नाही, गपचूप बंद करेल. आईला पटेल असं कोणी सांगेल का? आणि रात्री कळा आल्या तर घाट चढून कोल्हापूर गाठायचं कसं?

प्रतिसाद:
ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नका. माझ्या बहिणीला हेच होतं. एपीटीटी करताना नळीत फॉस्फोलिपिड (रक्त गोठायला लागणारा स्निग्ध पदार्थ) घालतात, या अँटीबॉडीज त्यालाच धरतात म्हणून नळीतलं रक्त उशिरा गोठतं. अंगात उलटं, तिथे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि वारेच्या पेशींना चिकटतात, गुठळ्या होतात, वार नीट रुजतच नाही. हेपॅरिन वारेतून बाळाकडे जात नाही हे आईंना आधी सांगा, त्यांची खरी धास्ती तीच असणार. डाग सुईचे असतात, जागा बदला, टोचल्यावर चोळू नका. पण अंगावरून गेलं, डोकं फार दुखलं, नजर अंधुक झाली किंवा एकच पाय सुजला तर त्याच दिवशी दाखवा. कळांची वाट बघूच नका, शेवटच्या महिन्यात कोल्हापुरात राहायची सोय बघा. कमरेत भूल द्यायची तर साध्या रोजच्या डोसनंतरही निदान १२ तास जावे लागतात, त्यामुळे तारीख आधी ठरवलेली बरी. डॉपलर (वारेतून बाळाला रक्त नीट जातंय का ते बघणारी सोनोग्राफी) कधी कधी करायची तेही विचारून घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बाळाकडे जात नाही म्हटल्यावर जरा गप्प झालीय, पण डॉक्टरांशी मीच बोलणार म्हणते. बाळंतपणानंतर लगेच बंद होतं ना हे?

प्रतिसाद:
नाही हो, साधारण ६ आठवडे चालू ठेवतात. गुठळीचा धोका तेव्हाही असतो. हे आत्ताच सांगून ठेवा आईंना.